सिंगापूरचा ‘स्टार अवॉर्ड्‌स’ सोहळा: वाहिनी एकच असेल, तर पुरस्काराला अर्थ कशामुळे येतो?

मध्यमावती

सिंगापूरला येऊन मला चौदा वर्षे होत आली. आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या घरात एक वृद्ध चिनी बाई राहतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना आंटी म्हणते. एप्रिलमधल्या एका रविवारी संध्याकाळी त्या घराचे दार उघडे ठेवतात, कलिंगडाच्या फोडी कापून ठेवतात आणि चॅनेल ८ लावून बसतात. पहिल्या वर्षी त्यांनी मला हाताला धरून आत नेले, तेव्हा पडद्यावर काय चालले आहे हे मला मुळीच कळत नव्हते. त्या दिवशी ‘स्टार अवॉर्ड्‌स’ होते. मँडरीनमध्ये त्यांना ‘होंगशिंग दाजियांग’ म्हणतात. ‘होंग’ म्हणजे लाल, ‘शिंग’ म्हणजे तारा. पण मँडरीनमध्ये जो कलाकार लोकांच्या मनात भरला आहे त्यालाही ‘होंग’ म्हणजे लालच म्हणतात, त्यामुळे या नावात रंगाबरोबर लोकप्रियताही आली आहे. या सोहळ्याविषयी मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही, म्हणून हा धागा.

पुरस्कार १९९४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी सिंगापूरच्या सरकारी प्रसारण महामंडळाचे कंपनीत रूपांतर झाले, आणि पुढे त्याच कंपनीची मीडियाकॉर्प झाली. चॅनेल ८ ही तिची मँडरीन वाहिनी. स्थानिक मँडरीन नाट्यनिर्मिती तोवर बारा वर्षांची झाली होती, कारण तिचा आरंभ १९८२ चा. त्याआधी इथले चिनी प्रेक्षक मुख्यतः हाँगकाँग आणि तैवानहून आलेल्या मालिका पाहत. अवघ्या एका तपात वाहिनीने स्वतःचे लेखक, दिग्दर्शक आणि चेहरे घडवले होते. १९८८ च्या ‘स्टार सर्च’ या नवोदितांच्या स्पर्धेतून आलेल्या झोई टे तोपर्यंत घराघरात पोहोचल्या होत्या. या मंडळींची दरवर्षी जाहीर दखल घेण्याची सोय म्हणून हे पुरस्कार आले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळते. सिंगापुरात विनामूल्य दूरचित्रवाणी चालवणारी कंपनी एकच आहे. २००१ मध्ये एका वृत्तपत्र समूहाने चॅनेल यू ही दुसरी मँडरीन वाहिनी काढली आणि साडेतीन वर्षे चुरशीची स्पर्धा झाली. पण बाजारपेठ लहान, जाहिरातींचे उत्पन्न अपुरे, त्यामुळे १ जानेवारी २००५ रोजी दोन्ही प्रसारणसंस्था एकत्र आल्या. म्हणजे ती थोडी वर्षे सोडली, तर निर्माता, प्रसारक, नामांकने ठरवणारा आणि पुरस्कार देणारा हे सगळे एकाच छपराखाली आहेत. अशा सोहळ्यात ‘सर्वोत्कृष्ट अभिनेता’ या शब्दांना कितपत वजन द्यावे?

माझे मत असे झाले आहे की या सोहळ्याचे मर्म अभिनयाच्या पुरस्कारात शोधूच नये. ते ‘दहा सर्वाधिक लोकप्रिय कलाकार’ या विभागात आहे. दरवर्षी प्रेक्षकांच्या मतांवर दहा पुरुष आणि दहा स्त्री कलाकार निवडले जातात; पूर्वी दूरध्वनीने आणि लघुसंदेशाने मते जात, आता ती ऑनलाइन जातात. जो कलाकार दहा वेळा या यादीत येतो, त्याला २००४ पासून ‘ऑल-टाइम फेवरेट आर्टिस्ट’ हा सन्मान मिळतो आणि त्यानंतर तो त्या यादीतून कायमचा बाहेर पडतो. जागा रिकामी करण्याचा हा नियम मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. ली नानशिंग, झोई टे, फॅन वाँग अशी मोठी नावे या वाटेने गेली आहेत. ट्रॉफी हातात घेऊन मंचावर उभ्या राहिलेल्या कलाकाराचे पहिल्या वर्षापासूनचे फोटो मागच्या पडद्यावर दिसू लागतात, तेव्हा आमच्या आंटी कोणत्या वर्षी आपण कोणत्या घरात राहत होतो, मुलगा कितवीत होता, हे सांगू लागतात. दहा वर्षे सलग मत देणारा प्रेक्षक अभिनयाची परीक्षा घेत नसतो, हे मला मान्य आहे. पण तो सोबत मोजत असतो, आणि एका लहान देशातल्या एकुलत्या एका वाहिनीने मोजण्यासारखी हीच गोष्ट आहे, असे मला मनापासून वाटते.

इतरांची मते वाचायला आवडतील.

क्षितिजपार

मध्यमावतीताई, लेख अतिशय आवडला, तरी मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. मी पुण्यात राहतो आणि चिनी भाषेतील मालिका उपशीर्षकांच्या आधाराने गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. लोकप्रियतेच्या यादीला एवढे महत्त्व दिले की अभिनयाच्या पुरस्काराची जबाबदारी आपण आपोआप सैल करतो, आणि वाहिनीला नेमके तेच हवे असते.

२००९ चे उदाहरण घ्या. ‘द लिटल न्योन्या’ ही चौतीस भागांची मालिका नोव्हेंबर २००८ ते जानेवारी २००९ या काळात दाखवली गेली आणि तिने प्रेक्षकसंख्येचे अनेक वर्षांचे उच्चांक मोडले. मलाक्का आणि सिंगापूर भागात स्थायिक होऊन मलय रीतिरिवाज, वेशभूषा आणि पाककला आपल्याशा केलेल्या पेरानाकान चिनी कुटुंबांची ती कथा आहे. जीनेट ऑ हिने तीत आई आणि मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या. आई मूकबधिर, म्हणजे निम्मी भूमिका शब्दावाचून करायची. मुलगी करारी, जिभेची धारदार. त्या एप्रिलमध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट मालिकेचा पुरस्कार मिळाला, परंतु सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली त्याच मालिकेतील जोअॅन पे. तिचे काम उत्तमच होते. उद्ध्वस्त होत जाणारी युझू तिने ज्या ताकदीने उभी केली ते विसरता येत नाही. तरीही दोन भूमिकांचा भार वाहणाऱ्या अभिनेत्रीला डावलण्यामागे परीक्षकांचा विचार काय होता, हे प्रेक्षकांना कळायला हवे होते. निवडीमागची कारणे चार ओळींत जरी प्रसिद्ध केली असती, तरी वाद इतकी वर्षे रेंगाळला नसता.

लोकांची मते ही परीक्षकांच्या मौनाची भरपाई होऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चोख हव्यात.

संवादलेखक

मी मराठी मालिकांसाठी काही वर्षे संवाद लिहिले आहेत, म्हणून आतल्या बाजूने थोडे लिहितो.

वाहिनीने स्वतःच्याच मालिकांना पुरस्कार देण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. झी मराठीचे पुरस्कार आहेत, स्टार प्रवाहचा ‘परिवार पुरस्कार’ आहे. तिथे सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट जोडी असे विभाग असतात, म्हणजे पुरस्कार पात्राच्या कुटुंबातील स्थानाला मिळतो. मी ज्या मालिकेवर काम करत होतो, तिच्या निर्मितीकडून सोहळ्याच्या दोन महिने आधी आम्हाला सांगितले गेले होते की नायिकेच्या ट्रॅकमध्ये एक मोठा प्रसंग आणा, कारण नामांकनाच्या प्रोमोला तो लागेल. प्रसंग आम्ही लिहिला. कथेला त्याची गरज नव्हती आणि पुढचे तीन आठवडे त्याचे परिणाम निस्तरण्यात गेले. त्या लिखाणाचा मला आजही पश्चात्ताप होतो.

त्यामुळे सिंगापूरच्या सोहळ्यात मला विशेष वाटते ते विभागांचे स्वरूप. तिथे अभिनेता, अभिनेत्री, सहायक भूमिका, नवोदित, सूत्रसंचालक, मनोरंजन कार्यक्रम, माहितीपर कार्यक्रम असे कामाच्या प्रकारानुसार विभाग आहेत. शिए शाओगुआंग या अभिनेत्याने पाच वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला आणि पुढे चेन हानवेई यांनी तो आकडा ओलांडला. हे दोघेही रूपावर चालणारे नायक नव्हेत. एकाच कंपनीचा सोहळा असूनही चरित्र अभिनयाला वारंवार पहिले स्थान मिळाले, याची नोंद क्षितिजपार यांनीही घ्यावी. घरचा पुरस्कार असला तरी कामाकडे पाहण्याची नजर स्वच्छ ठेवता येते, असे यावरून दिसते. आपल्या वाहिन्यांनी सासू-सुनेच्या विभागांऐवजी लेखन, संकलन, कलादिग्दर्शन यांना मुख्य सोहळ्यात थोडा वेळ दिला तर मला फार आनंद होईल.

मध्यमावती

क्षितिजपार, कारणे प्रसिद्ध करण्याची तुमची सूचना मला पूर्णपणे पटली आणि त्या मर्यादेत मी माझे विधान मागे घेते. मात्र तुमच्याच उदाहरणाचा पुढचा भाग सांगते. जीनेट ऑ हिला त्या वर्षी अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला नाही, परंतु प्रेक्षकांनी वर्षामागून वर्षे तिला पहिल्या दहांत ठेवले आणि दहा पायऱ्या पूर्ण करून ती ‘ऑल-टाइम फेवरेट’ झाली. परीक्षकांचा निर्णय एका रात्रीचा होता, प्रेक्षकांचा दहा वर्षांचा.

एक गोष्ट पहिल्या लेखात राहून गेली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या आंटींची मातृभाषा मँडरीन नाही. त्या तेओच्यू बोलतात. इथल्या चिनी लोकांच्या घरच्या भाषा होक्क्येन, तेओच्यू, कँटोनीज, हक्का, हैनानी अशा होत्या, आणि त्या एकमेकांना समजतीलच असे नव्हते. १९७९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरीन बोला’ मोहीम सुरू केली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत दूरचित्रवाणीवरून या भाषांतील कार्यक्रम काढून टाकले गेले. हाँगकाँगच्या कँटोनीज मालिका मँडरीनमध्ये डब करून दाखवू लागले. आंटी तेव्हा ऐन तिशीत होत्या. त्यांचे म्हणणे असे की आवडत्या कलाकारांचे आवाज एका रात्रीत परके झाले आणि कित्येक आठवडे घरी कोणी टीव्ही लावला नाही.

मग १९८२ पासून स्थानिक मालिका आल्या. १९८४ मध्ये चीनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या कष्टांची एक मोठी मालिका दाखवली गेली, तीत श्यांग युन आणि ह्वांग वेनयोंग यांच्या मुख्य भूमिका होत्या. आंटी मँडरीन शिकल्या त्या त्यांच्या तोंडून. भाजीबाजारात, दवाखान्यात, नातवाच्या शाळेत त्या जी मँडरीन बोलतात ती शाळेची नाही, चॅनेल ८ ची आहे. म्हणून श्यांग युन पुरस्कार घ्यायला मंचावर येतात तेव्हा आंटी त्यांच्याकडे आपल्या बाईंकडे पाहावे तशा पाहतात. एका भाषेच्या जागी दुसरी भाषा ठेवण्याच्या सरकारी निर्णयाने काय काय गमावले, याचे दुःख मला आहे आणि आंटींना तर आहेच. तरीही ज्या माणसांनी ती नवी भाषा त्यांच्या घरात मायेने आणली, त्यांच्यावर त्यांचा राग नाही. या दोन्ही भावना एकाच संध्याकाळी, एकाच सोफ्यावर बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

पूर्वेचा वारा

मी हाँगकाँगला नऊ वर्षे होतो, म्हणून तिथल्या टीव्हीबी वाहिनीच्या वर्धापनदिन पुरस्कारांची तुलना मांडतो. टीव्हीबीची स्थापना १९ नोव्हेंबर १९६७ ची आणि तिचे पुरस्कार १९९७ पासूनचे, म्हणजे सिंगापूरच्या नंतरचे. तिथेही वाहिनी फक्त स्वतःच्या मालिकांचा विचार करते. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याला लोक कँटोनीजमध्ये ‘दूरचित्रवाणीचा सम्राट’ आणि अभिनेत्रीला ‘सम्राज्ञी’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या उपाहारगृहांत दुसरा विषय नसतो.

माझ्या आठवणीतली सर्वांत समाधानाची वर्षे २००९ आणि २०१० ही आहेत. वेन लाय आणि शेरेन टँग या जोडीने दोन्ही वर्षी सम्राट आणि सम्राज्ञी हे दोन्ही किताब मिळवले. वेन लाय यांनी त्याआधी सुमारे दोन दशके दुय्यम भूमिका केल्या होत्या, आणि शेरेन टँग यांनी चाळिशी ओलांडली होती. तरुण चेहऱ्यांना पुढे आणण्याचा वाहिन्यांचा स्वाभाविक कल लक्षात घेता हा निकाल मोठा होता.

मात्र हाँगकाँगमध्ये प्रेक्षकांजवळ निषेधाचा एक मार्ग होता, तो सिंगापुरात नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये एका नव्या कंपनीला विनामूल्य वाहिनीचा परवाना नाकारला गेला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या काळात टीव्हीबी न पाहण्याचे आवाहन केले गेले. १ एप्रिल २०१६ रोजी एटीव्ही ही जुनी प्रतिस्पर्धी वाहिनी बंद झाली आणि त्यानंतर आठवडाभरातच व्ह्यूटीव्ही ही नवी वाहिनी सुरू झाली. स्पर्धा क्षीण का असेना, तिची मागणी करणारा प्रेक्षक जागा होता. मध्यमावती, तुम्ही ज्याला सोबत म्हणता, ती सोबत पर्याय नसल्यामुळे आली असेल, तर तिचे मोल थोडे कमी होत नाही का, हा प्रश्न मी आदरपूर्वक विचारतो.

आणखी एक गोष्ट. तैवानचे ‘गोल्डन बेल’ पुरस्कार १९६५ पासून सरकार देते आणि त्यात सर्व वाहिन्या उतरतात. मीडियाकॉर्पमध्ये घडलेल्या क्रिस्टोफर ली यांनी २०१४ मध्ये तिथे लघुमालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. घरच्या आखाड्याबाहेर जाऊन मिळवलेला तो मान सिंगापूरच्या नाट्यनिर्मितीविषयी अधिक विश्वासाने बोलतो, असे मला वाटते.

सेंगकांगचा रहिवासी

मीही सिंगापुरातच असतो. मीडियाकॉर्पच्या मलय वाहिनीचा ‘पेस्ता परदाना’ आणि तमिळ वाहिनीचा ‘प्रधान विळा’ हे सोहळेही आहेत, त्यांचा उल्लेख इथे व्हायला हवा. तीन भाषा, तीन मंच, कंपनी एकच. आमच्या तमिळ शेजाऱ्यांकडे ‘प्रधान विळा’ची तेवढीच तयारी असते.

माझी मुलगी इथल्या शाळेत मातृभाषेच्या तासाला हिंदी शिकते, कारण तमिळव्यतिरिक्त ज्या भारतीय भाषा घेता येतात त्या हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या आहेत. मराठी त्यांत नाही. मराठी तिला आम्ही घरी आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांतून जेवढी देता येईल तेवढी देतो. मध्यमावतींचा दुसरा प्रतिसाद वाचताना मला सारखे हेच आठवत होते. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि पडद्यावर कोणती, यावर मूल पुढे कोणत्या भाषेत हसेल हे ठरते. माझी मुलगी मराठी मालिकेतले एखादे वाक्य जसेच्या तसे बोलून दाखवते, तेव्हा त्या मालिकेला पुरस्कार मिळाला की नाही याचा विचारही माझ्या मनात येत नाही.

मध्यमावती

पूर्वेचा वारा, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. पर्याय नसल्यामुळे आलेली सोबत कमी मोलाची, हे मला तत्त्वतः नाकारता येत नाही. परंतु आता पर्याय आले आहेत. आंटींचा नातू कोरियन मालिका पाहतो आणि आजीशी इंग्रजीत बोलतो. २०१० च्या जनगणनेत घरी प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे ३२.३ टक्के होते, ते २०२० मध्ये ४८.३ टक्के झाले; मँडरीन ३५.६ वरून २९.९ वर आली, आणि तेओच्यूसारख्या चिनी बोली मिळून १४.३ वरून ८.७ वर. ज्या मँडरीनने आंटींच्या भाषेची जागा घेतली, तिचीच जागा आता घरात आक्रसते आहे. तरीसुद्धा इतके सगळे पर्याय हाताशी असताना लोक मते देतात, आणि ती मते आता कोणी लादलेली नाहीत.

सोहळाही अनेकदा बदलला आहे. पूर्वी तो वर्षअखेरीस होई; २००८ मध्ये झालाच नाही आणि तेव्हापासून एप्रिलमध्ये आला. २०१० पासून काही वर्षे तो दोन रविवारांत विभागला होता. मीडियाकॉर्पने २०१५ च्या सुमारास कॅल्डेकॉट टेकडीवरचे जुने आवार सोडले. त्या टेकडीवर १९३० च्या दशकापासून नभोवाणी होती, आणि झोई टे यांना अजूनही ‘कॅल्डेकॉट टेकडीची राणी’ म्हणतात. २०२० मध्ये महामारीमुळे सोहळा झाला नाही. त्या एप्रिलच्या रविवारी आंटींनी मला दारातूनच, मुखपट्टी लावून, कलिंगडाचा डबा दिला होता. २०२१ मध्ये तो परत आला आणि त्याचा काही भाग चांगी विमानतळावर झाला. प्रवासी नसलेले ते विमानतळ आणि त्यात लांब झगे सावरत चालणारे कलाकार पाहून आंटी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

सेंगकांगचे रहिवासी, तुमच्या मुलीला एकदा घेऊन या. मीवॉच या मीडियाकॉर्पच्या ऑनलाइन सेवेवर बऱ्याच मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह आहेत. ‘द लिटल न्योन्या’पासून सुरुवात करू; आंटींनी ती चार वेळा पाहिली आहे आणि पाचव्यांदा पाहायला त्या तयार आहेत.

क्षितिजपार

मध्यमावतीताई, जोअॅन पेचा तो शेवटचा प्रसंग पाहून झाला की आंटींना माझ्यातर्फे विचारा, त्या वर्षी त्यांनी मत कोणाला दिले होते.

मध्यमावती

विचारले. दोघींनाही दिले होते, असे म्हणाल्या. जीनेटला स्वतःच्या फोनवरून आणि जोअॅनला मुलाच्या.